बागेलाही विरळणी लागते

ज्वारी उगवून दोन-तीन आठवडे झाले की शेतकरी रानात शिरतो आणि दाट आलेली रोपं उपटायला लागतो. स्वतः पेरलेलं, राखणीला बसून जपलेलं रोप तो बिनदिक्कत उपटून बांधावर टाकतो. एका जागी दोन ताटं राहिली तर कणीस दोघांतल्या एकालाही धड भरायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. या कामाला विरळणी म्हणतात. मेथी-मुळ्याच्या वाफ्यातही ती होते, गाजराच्या वाफ्यातही होते.

आपण शहरातली माणसं बंगल्यापुढे किंवा सोसायटीच्या आवारात हौसेनं बाग लावतो आणि हा शब्द मात्र गावीच ठेवून येतो. लावायचं ते कायमचं, अशी आपली समजूत. ज्यांची बाग चार ते आठ वर्षांची झाली आहे, आणि पूर्वी छान दिसणारी बाग आता कोंदट, अंधारी, रडवेली दिसते म्हणून जे हैराण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाग बिघडलेली नाही. ती वयात आली आहे. तिला आता खतापेक्षा आणि औषधापेक्षा मोकळी जागा हवी आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कोणी देणार नाही.

आमचंच उदाहरण सांगतो. आमच्या सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा फाटकाजवळचा वाफा पाहून आम्ही हरखलो होतो. वीस फूट लांब, चार फूट रुंद. त्यात ठेकेदारानं चोवीस रोपं बसवली होती: पाच तगरी, पाच कुंती, चार जास्वंदी, सहा अरेका पाम, तीन अकॅलिफा आणि एक सोनचाफा. ताबा देण्याच्या दिवशी बाग भरलेली दिसावी, एवढंच त्याचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं. सहा वर्षांनंतर तिथं काय होईल याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आमचा होता, पण आम्हीही तो विचार केला नाही.

तिसऱ्या वर्षी वाफा अगदी देखणा होता. पाचव्या वर्षी कुंती तगरीत घुसली. जास्वंदीला फुलं यायची, पण फक्त रस्त्याच्या बाजूला. ती जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देवांना वाहिली जायची. सोनचाफा उजेडाच्या ओढीनं काठीसारखा सरळ वर गेला आणि त्याची मोजकी फुलं दुसऱ्या मजल्यावरच्यांना वास देऊ लागली. तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागायचा. डासांची तक्रार प्रत्येक सभेत व्हायची. कोणी म्हणालं, माळी बदला. कोणी म्हणालं, खत घाला. पाच जूनला पर्यावरण दिन म्हणून मुलांनी त्याच वाफ्यात आणखी तीन रोपं खोचली. आमच्या माळीदादांनी सगळे उपाय शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, खत कमी नाही पडलेलं. झाडं जास्त झालीत.”

दाटी झाली आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. झुडपाची पानं फक्त वर आणि खाली नुसत्या काटक्या, हे पहिलं लक्षण. फुलं एकाच बाजूला येतात. खोडं उजेडाकडे वाकतात. फांद्या बाजूला सारून आत पाहिलं तर वाळकं लाकूड आणि पांढरा कापूस दिसतो. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि त्याच्यामागे मुंग्यांची रांग असतेच. कोंदट, दमट, हवा न खेळणारी जागा ही त्याची आवडती वस्ती. तिथं महिन्याला औषध मारणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देण्यासारखं आहे. पावसाळ्यात त्याच ओलाव्याला मोठाल्या आफ्रिकन गोगलगाई येतात. झाडाखालचं लॉन टक्कल पडल्यासारखं विरतं आणि आपण दर वर्षी त्यावर नवे गवताचे तुकडे आणून लावतो. लॉनला रोज पाच-सहा तास तरी ऊन लागतं. वर सावली असेल तर ते पुन्हा जाणारच.

बहुतेक ठिकाणी दाटीवर एकच उपाय होतो: माळी मोठी कात्री घेऊन सगळ्या झुडपांचे गोल चेंडू किंवा चौकोनी ठोकळे करतो. दोन दिवस टापटीप दिसतं. पण वरवर कापल्यानं प्रत्येक टोकाला चार नवे फुटवे येतात, बाहेरचं कवच आणखी दाट होतं आणि आत आणखी काळोख. कळ्या टोकाला धरणाऱ्या झुडपांची फुलंही त्या कात्रीत जातात. कुंपणाच्या मेंदीला, डुरांटाला ही कात्री ठीक. जास्वंद, तगर, अनंत यांना तिच्यापासून लांब ठेवा.

मग करायचं काय? आधी राहणारी झाडं ठरवा, जाणारी नंतर. विरळणी करणारा शेतकरीही जोमदार रोप डोळ्यांनी हेरतो आणि मग त्याच्या शेजारचं उपटतो. काय काढू, असं विचारत बागेत फिरलात तर संध्याकाळपर्यंत एकही झाड निघणार नाही, कारण प्रत्येकाची काही ना काही आठवण असते. त्यापेक्षा विचारा, दहा वर्षांनी इथं कोणती झाडं हवीत? त्यांना सुतळी बांधा. मग त्या प्रत्येकाच्या पूर्ण वाढीचा घेर जमिनीवर खडूनं किंवा चुन्यानं आखा. तगर, जास्वंद सहज सहा ते आठ फूट पसरतात. कुंतीला मोकळं सोडलं तर तीही तेवढीच. अरेकाचा एक गड्डा सहा फूट जागा खातो. सोनचाफा तर झाडच आहे, तीस फुटांच्याही वर जातो. आमच्या वाफ्यात घेर आखले तेव्हा चुन्याच्या रेघांत रेघा अडकून जाळं झालं. ते जाळं पाहिल्यावर सभेत वाद घालायला कोणाकडे काही उरलं नाही.

काही झाडं जागेवरूनच बाद होतात. कुंपणभिंतीला किंवा ड्रेनेजच्या पाइपला चिकटून लावलेला फायकस, रबराचं झाड, अंगणात हौसेनं आणलेला पिंपळ यांची मुळं पुढे भिंत फोडतात, फरशी उचलतात, चेंबर तुंबवतात. ती लहान असतानाच हलवा. भराभर वाढतो म्हणून नव्या वसाहतींच्या कडेनं लावलेला कोनोकार्पसही याच यादीत घाला. गुजरातच्या वन विभागानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली आहे.

आता कापण्याविषयी. सिकेटर धारदार असू द्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोगही तुमच्याबरोबर फिरतो. बोटापेक्षा जाड फांदीला करवत. कोयता नको; त्यानं फांदी तुटते कमी आणि फाटते जास्त. जुन्या झुडपाचं वरचं टोक छाटण्याऐवजी सर्वांत जुनी, जाड, खडबडीत खोडं जमिनीलगत काढा. एका वर्षी एक तृतीयांश खोडं, पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि एकही दिवस बोडकं दिसत नाही. उरलेल्या फांद्या कापताना बाहेरच्या बाजूला तोंड केलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. आतल्या डोळ्यावर कापलं तर नवा फुटवा आतच घुसतो आणि दाटी परत येते.

मोठी फांदी उतरवायची तर तीन काप लागतात. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, अर्धवट. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे फांदी आपल्या वजनानं साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापानं, फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो तो शाबूत ठेवून. त्या फुगवट्यातूनच झाड जखम भरून काढतं. पावसाळी हवा असेल तर मोठ्या जखमेला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावा.

पामच्या बाबतीत एक गोष्ट कोरून ठेवा. माड असो, फॉक्सटेल असो की बाटली पाम, शेंडा एकच असतो. तो कापला की झाड गेलं. उंच झाला म्हणून पाम वरून कापायला सांगणारी कमिटी मी पाहिली आहे, आणि दोन महिन्यांनी उभा राहिलेला खांबही. अरेका गड्ड्यानं वाढतो, म्हणून त्याची जुनी खोडं बुंध्याशी काढून गड्डा विरळ करता येतो. बांबूचंही तसंच, तीन वर्षांहून जुने बांबू खालून काढा आणि कोवळे ठेवा.

“एवढं कापलं तर मरेल ना?” हा प्रश्न दर वेळी येतो. नाशिककडच्या द्राक्षबागा पाहा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा मांडवावर नुसते ओंडके आणि खुंट उरतात. अनोळखी माणसाला बाग जळाली असंच वाटेल. त्यातूनच नव्या काड्या येतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्या काड्यांवर घड लागतात. जास्वंद, बोगनवेल, गुलाब, मोगरा यांचीही फुलं नव्या फुटीवर येतात. छाटणी चुकवली की फूल चुकतं.

मात्र वेळ पाळा. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. साधारण दीड महिन्यानं बहर येतो. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटायचा, आणि त्याआधी काही दिवस त्याचं पाणी तोडायचं, म्हणजे उन्हाळ्याला कळ्यांनी लगडतो. पारिजातकाची फुलं संपली की जानेवारी-फेब्रुवारीत. अनंताचा बहर ओसरल्या ओसरल्या. उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापाल. देवचाफा पानं गळून उघडा झाला की छाटा, आणि कापलेले तुकडे फेकू नका. सावलीत आठवडाभर सुकवून मातीत खोचले की नवी झाडं तयार. बोगनवेलीचं उन्हाळ्यातलं रंगकाम आटोपलं की पावसाच्या तोंडावर. जास्वंद, तगर, कुंती यांना थंडी सरताना किंवा पावसाच्या सुरुवातीला. एप्रिल-मेच्या उन्हात कशाचीच जबर छाटणी करू नका. सावलीत वाढलेली साल अचानक उघडी पडली की भाजते.

काढलेलं प्रत्येक झाड कचऱ्यात जायला हवं असंही नाही. झुडपं हलवता येतात, पण घाई केली तर जगत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस झुडपाभोवती अर्धं वर्तुळ खणून मुळं कापा आणि माती परत लोटा. त्या बाजूला बारीक तंतुमुळं फुटतात. जुलैत पाऊस स्थिरावला की उरलेलं अर्धं वर्तुळ कापा, झाड मातीच्या हुंडीसह उचला, हुंडी ओल्या गोणपाटात घट्ट बांधा. हुंडी फुटली की अर्धा जीव तिथंच जातो. वरच्या फांद्या निम्म्यानं कमी करा, कारण कापलेल्या मुळांना सगळ्या पानांना पाणी पुरवणं जमत नाही. नवा खड्डा आधी तयार असावा. लावल्यावर काठीचा आधार द्या, महिनाभर लक्ष ठेवा.

आम्ही चोवीसपैकी सात झाडं ठेवली: सोनचाफा, दोन तगरी, दोन जास्वंदी, एक कुंती, एक अरेका. नऊ हलवली, त्यांतली सहा जगली. आठ गेली. मुलांची तीन रोपं मागच्या कंपाउंडला गेली, ती मजेत आहेत. पाचांपैकी कोणती कुंती ठेवायची हे मात्र आम्ही ठरवलं नाही. एका कुंतीत माळीदादांचा हात गेला आणि तसाच मागे आला. आत वाटीएवढं घरटं, त्यात बुलबुलची दोन पिल्लं, चोची वासून. “ही राहू द्या,” ते म्हणाले. पंधरा दिवस त्या बाजूला कोणी फिरकलं नाही. पिल्लं उडाली, आणि तीच कुंती कायमची राहिली. कात्री लावण्याआधी आत हात घालून पाहायचं, हे आम्ही तेव्हा शिकलो. बुलबुल, शिंपी, शिंजीर असल्याच झुडपांत घरटी करतात आणि उन्हाळा-पावसाळा हाच त्यांचा मुख्य हंगाम असतो. घरटं दिसलं तर ते झाड सोडून पुढे जा. बागेला पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण कायदा आहे. झाड तुमच्या अंगणात असलं, तुम्हीच लावलेलं असलं, तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवण्याआधीही महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. “आमच्याच जागेतलं आहे” हे उत्तर तिथं चालत नाही. म्हणूनच चुकीच्या जागचं रोप गुडघ्याएवढं असताना हलवणं शहाणपणाचं. पंधरा फुटांचं झाल्यावर अर्ज, पाहणी, क्रेन आणि शेजाऱ्यांची भांडणं, सगळंच वाढतं.

विरळणी झाल्यावर पहिले दोन महिने बाग विद्रूप दिसते. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर उघड्या वाफ्याचे फोटो येतील. आमच्याकडे आले. त्या दिवसांत सर्वांत मोठा मोह म्हणजे रिकाम्या जागेत काहीतरी लावून टाकायचा. तो आवरा. मातीवर पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला, बुंध्यापासून थोडं दूर. राहिलेल्या झाडांना शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. त्यांच्या मुळांना पहिल्यांदाच स्वतःच्या वाट्याचं जेवण मिळत असतं. अगदीच राहवलं नाही तर झेंडू, बाल्सम, झिनिया यांसारखी हंगामी फुलं लावा. ती चार महिन्यांत आपण होऊन जागा सोडतात. मोठ्या झाडाखाली लॉनचा हट्ट सोडून नेचे, सिंगोनियम, स्पायडर प्लांट लावा; त्यांना सावलीच हवी असते.

रिकाम्या जागेची एवढी भीती वाटत असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक चक्कर मारा. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभं केलं आहे. हिरवळीचा मोठा उतार, पाणी, दगड आणि थोडकी, आकारात राखलेली झुडपं. डोळा विसावतो तो मधल्या मोकळ्या जागेमुळे. तिथल्या माळ्यांचं काम पाहत बसलात तर कळेल की ते लावत कमी असतात आणि छाटत जास्त असतात.

सोसायट्यांना एक व्यावहारिक सल्ला. बागेचे निर्णय सर्वसाधारण सभेत झाडागणिक मतदान घेऊन करू नका. कोणतंच झाड पडणार नाही आणि सगळीच सुकतील. दोन-तीन जाणत्या माणसांना आणि माळ्याला अधिकार द्या. माळीही असा धरा ज्याचा पगार छाटलेल्या ढिगाच्या उंचीवर ठरत नाही. आमच्या माळीदादांना सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावायला सांगितलं तर ते ऐकत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं. आणि यापुढे कोणी वाढदिवसाचं, पर्यावरण दिनाचं रोप घेऊन आलं तर आधी विचारा, पूर्ण वाढल्यावर हे किती मोठं होतं आणि तेवढी जागा कुठं आहे? उत्तर नसेल तर ते रोप कुंडीत राहू द्या.

सुरुवात कुठून करायची? येत्या रविवारी सकाळी आठला बागेत खुर्ची टाकून बसा. ऊन कुठं पडलंय ते कागदावर काढा. बाराला पुन्हा, चारला पुन्हा. फुलं कोणत्या बाजूला आहेत, कुठं कधीच ऊन येत नाही, पाखरं कुठल्या झुडपात जा-ये करतात, एवढंच लिहा. शेजारी विचारतील काय चाललंय, त्यांनाही खुर्ची द्या. आणि सिकेटर घरातच ठेवून या. पहिला रविवार फक्त बघायचा असतो.